वाफशाची वाट

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत घर कितीही लहान असले, तरी मागच्या दारी एक कागदी लिंबू, एक कढीलिंब आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळवाचे चार गड्डे असावयाचेच. जागा थोडी अधिक असेल, तर पेरू, पपई आणि कुंपणाशी सीताफळ. पेरूला येथे ‘जाम’ म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना “जाम कापून देऊ का?” असे विचारले, की ते क्षणभर पावाच्या शोधात इकडेतिकडे पाहू लागतात, हा आमच्या घरातील एक जुना विनोद आहे.

आमची बाग म्हणजे घराच्या पाठीमागची चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद अशी जागा. तिला बाग म्हणावे की परसू, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. परंतु गेली पस्तीस वर्षे या तुकड्याने आम्हांला वर्षातील सात-आठ महिने भाजी आणि जवळजवळ बारा महिने लिंबे दिली. त्या बदल्यात तिने आमच्याकडून जे काही शिकवून घेतले, त्यातील बराचसा भाग चुकांच्या वाटेने आला. त्या चुका आमच्या वाचकभगिनींच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मातीविषयी. माळव्याचे पठार काळ्या पत्थराचे. तो पत्थर हजारो वर्षे झिजून जी माती झाली, ती काळी, चिकण आणि अतिशय कसदार. मात्र तिचा स्वभाव विलक्षण आहे. पाणी प्याली की ती फुगते, सुकली की आकसते. पावसाळ्यात तीत पाऊल टाकले तर चप्पल तेथेच राहते आणि पाय तेवढा वर येतो. वैशाखात त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या मातीत खुरपे घातले, तर तिची छिद्रे दाबली जाऊन पुढे तिचे विटेसारखे ढेकूळ होते. पार वाळलेल्या मातीत कुदळ मारली, तर ठिणगी तेवढी उडायची बाकी राहते. या दोन टोकांच्या मध्ये काही थोडे दिवस असे येतात, की माती ओलसर असते पण हाताला चिकटत नाही, खणली असता रवाळ होऊन सुटते. या अवस्थेला आपले शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. काळ्या मातीत बाग करणे म्हणजे वर्षभर वाफशाची वाट पाहणे होय, असे आता आमचे मत झाले आहे.

वाफसा ओळखण्याची रीत आम्ही सासूबाईंकडून शिकलो. वीतभर खालची मूठभर माती घ्यावी, दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा पडताच फुटला, तर वाफसा आला. चपटा होऊन बसला, तर खुरपे परत खुंटीला अडकवावे. गोळाच झाला नाही, तर आदल्या संध्याकाळी पाणी द्यावयास हवे होते. पुढे डोळ्यांनी कमी दिसू लागले, तरी त्या मातीच्या आवाजावरून सांगत, “फुटला नाही गं. थांब आणखी दोन दिवस.”

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. १९५७ साली लग्न होऊन इंदुरात आल्या. जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत त्यांचे बालपण गेले. तेथे कितीही पाऊस पडला, तरी पाणी झिरपून जाते आणि दुसऱ्या दिवशी अंगणात वावरता येते. त्यांच्या मनातील कॅलेंडरही तिकडचेच होते. मृग नक्षत्र लागले, की त्या आकाशाकडे पाहू लागत. परंतु इंदूरला पावसाळा बहुधा जूनच्या मध्यानंतर येतो. पंचांगातील मृग कित्येकदा येथे कोरडेच जाते. आमचा खरा पहिला पाऊस आर्द्रांचा. “इकडचा मृग खोटारडा आहे,” असे त्या अखेरपर्यंत म्हणत.

आमचे बागेचे वर्ष अक्षय्यतृतीयेला सुरू होते. त्या दिवशी झाडांची आळी नीट करावीत, वेलांसाठी खड्डे घ्यावेत, ही चाल सासूबाईंनी माहेरून आणली. तत्पूर्वी, हिवाळी भाजी निघाल्यावर फाल्गुनात, शेवटच्या पाण्याच्या वाफशावर सारे वाफे वीतभर खोल खणून ठेवायचे. ढेकळे फोडायची नाहीत. नवशिक्याला हा गबाळेपणा वाटतो. आम्हीही पहिली दोन-तीन वर्षे कुदळीच्या पाठीने ढेकळे फोडून हात सोलून घेतले. त्याची मुळीच आवश्यकता नसते. चैत्र-वैशाखाचे ऊन त्यांना तापवते, हरळीच्या आणि लव्हाळ्याच्या गाठी काही अंशी वाळवते, किडींचे कोष उघडे पाडते. पुढे पहिल्या दोन सरी पडल्या, की तीच ढेकळे भाजलेल्या लाडवासारखी आपोआप विरघळतात. झाडांच्या भोवती मात्र उलट रीत ठेवावी. तेथे भेगा पडू दिल्या, तर त्या पेरू-लिंबाची बारीक मुळे तोडतात. म्हणून आळ्यात चार बोटे जाडीचे वाळक्या पानांचे किंवा गव्हाच्या काडाचे आच्छादन हवे. कडुलिंबाची पानगळ याच सुमारास होते. ती आम्ही शेजाऱ्यांकडूनही मागून आणतो. शेजारी ती पाने जाळणार होते, हे पाहून आमचा जीव कळवळतो.

उन्हाळ्यात पेरूला पाणी न देणे ही गोष्ट पाहणाऱ्याला निर्दयपणाची वाटते. पण पेरूला वर्षातून एकाहून अधिक वेळा बहार येतो. वसंतातील फुलांची फळे पावसाळ्यात पिकतात, आणि ती पाणचट व फळमाशीच्या अळ्यांनी भरलेली निघतात. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या फुलांची फळे थंडीत तयार होतात. ती घट्ट, गोड आणि किडीपासून बहुतांशी मुक्त असतात. झाडाने दोन्ही बहारांत आपली शक्ती वाटून टाकू नये, म्हणून माघापासून वैशाखाच्या मध्यापर्यंत त्याचे पाणी तोडावयाचे. याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाने पिवळी पडतात, काही गळतात, येणारेजाणारे आम्हांला दोष देतात. नंतर आळे हलकेच खणून, शेणखत घालून, पाणी सुरू केले की पावसाबरोबर नवी फूट आणि कळी दिसते. काळी माती ओल फार दिवस धरून ठेवते, म्हणून येथे ताण लवकर सुरू करावा लागतो. आमच्या झाडाची मार्गशीर्षातील फळे ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना हे पटावे.

खताची गोष्ट जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण इंदूरचे नाव जगभरच्या बागाइतदारांना ठाऊक असेल, तर ते आमच्या पोह्यांमुळे नव्हे, खतामुळे. १९२४ साली होळकर संस्थानच्या साहाय्याने येथे वनस्पतिविषयक संशोधनसंस्था उभी राहिली. हल्लीचे कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली, आणि तिला इंदूरचे नाव दिले. १९३१ साली तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड हे त्यांच्या सहकाऱ्याचे नाव आहे. साहेबाच्या पुस्तकावर हे नाव वाचून आम्हां इंदूरकरांना बरे वाटते, हे का लपवावे?

आमच्याकडे गोठा नाही, तेव्हा आम्ही या पद्धतीचे घरगुती रूप चालवतो. विटांच्या मध्ये फटी ठेवून रचलेले दोन हौद आहेत. तळाशी काटक्या, त्यावर वीतभर वाळका पाला, त्यावर चार बोटे ओला कचरा म्हणजे भाजीची देठे, साली, चहाचा चोथा. मग पसाभर शेण पाण्यात कालवून शिंपडायचे, वर मूठभर राख आणि पातळसा मातीचा थर. असे थर छातीपर्यंत येऊ द्यावेत. चार-पाच दिवसांत ढीग आतून इतका तापतो, की हात घालवत नाही. तो तापला नाही, तर एक तर तो कोरडा आहे किंवा फार ओला. तीन महिन्यांत तीनदा तो या हौदातून त्या हौदात परतायचा. हे काम ह्यांच्याकडे आहे, आणि ते तक्रार करीत का होईना, करतात. पावसाळ्यात खड्ड्यात कधीही खत करू नये. पाणी साचून ते सडते. तेव्हा ढीग जमिनीच्या वरच रचावा. २०१७ साली स्वच्छ शहरांत इंदूरला देशात पहिला क्रमांक मिळाला. तेव्हापासून सकाळची कचऱ्याची गाडी हा येथे कौतुकाचा विषय आहे. आमच्या घरातून तिला ओला कचरा मिळत नाही. गाडीवरच्या भाऊंना प्रथम संशय आला, की आम्ही तो कोठे तरी गुपचूप टाकतो. शेवटी त्यांना हौद दाखवावा लागला. आता तेच अधूनमधून नारळाच्या शेंड्या आणून देतात.

पावसाळी भाजीचे रहस्य उंचवट्यात आहे. सपाट वाफ्यात पेरलेली भेंडी पहिल्या झडीत पिवळी पडते. आम्ही वीतभर उंचीचे गादीवाफे करतो, दोन वाफ्यांमधून चर, आणि सगळे चर कोपऱ्यातील एका मोठ्या चराला जोडलेले. भेंडी, गवार, चवळी आणि दोन ओळी मक्याच्या. भुट्ट्याच्या किसाशिवाय इंदूरचा श्रावण होत नाही. मांडवावर दोडका, कारले, दुधी. दुधीला फुले पुष्कळ आणि फळे थोडी, अशी तक्रार अनेक भगिनी करतात. त्याचे कारण असे, की दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्या वेळी मधमाश्या घरी परतलेल्या असतात. दिवेलागणीला नराचे फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, ते मादीच्या फुलावर हलकेच टेकवावे. मादीच्या फुलाखाली बोटाच्या पेराएवढा छोटा दुधी असतो, त्यावरून ती ओळखता येते. आमच्या घरातील मुलांना हे काम परवच्यापेक्षा अधिक प्रिय होते. फळमाशीने डंख केलेली वाकडी कारली मात्र खताच्या हौदात टाकू नयेत. हातभर खोल पुरावीत, नाहीतर आपणच पुढच्या पिढीच्या माश्या पोसतो.

आता ज्या चुकीसाठी हे सारे लिहावयास घेतले, तिच्याकडे येतो.

आमचे लिंबाचे झाड सासूबाईंनी १९८८ साली लावलेले. त्याच्या लिंबांचे लोणचे दरसाल देवासला आणि वडोदऱ्याला नातेवाइकांकडे जात असे. त्याच्या सावलीत आमच्या घरातील दोन मुंजींची मांडणी झाली. अशा झाडाचे लाड होणारच. मोरीचे पाणी वाया जाऊ नये, म्हणून आम्ही एक पन्हळ करून ते सरळ त्याच्या बुंध्याशी सोडले होते. सगळीकडे तसेच करतात. वर उन्हाळ्यात नर्मदेच्या नळाला एक दिवसाआड पाणी येई, तेव्हा नळी बुंध्याशी ठेवून आम्ही चहा घेत बसत असू. झाड तक्रार करीत नव्हते, म्हणून आम्हांला ते सुखी वाटले.

२०१९ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात सरासरीपेक्षा पुष्कळच अधिक पाऊस झाला. भाद्रपद संपत आला तरी झड थांबेना. कोपऱ्यातील मोठा चर गाळाने भरला होता. तो मोकळा करावयाचे आम्ही आज-उद्या करीत राहिलो. चार पपया होत्या, फळांनी लगडलेल्या. एका दिवसाहून अधिक काळ पाणी त्यांच्या बुंध्याशी उभे राहिले, आणि आठवड्याच्या आत चारही झाडे माना टाकून कोसळली. पपईचे आम्हांला एवढे वाटले नाही. ती वर्षाभरात पुन्हा होते. परंतु पितृपक्षात, श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी लिंबे काढावयास गेलो असताना, लिंबाच्या बुंध्यावर मधासारखे तांबूस थेंब दिसले. मुलांना ते सुंदर वाटले. आम्ही बोटाने पाहिले, तो चिकट डिंक. त्याखालची साल दाबली, तर ती ओली आणि कुजलेली.

या रोगाला ‘डिंक्या’ म्हणतात. जमिनीत राहणारा बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव तो घडवतो. त्याची बीजे पाण्यातून पोहत बुंध्यापर्यंत येतात, आणि साल जितकी अधिक काळ ओली, तितका त्यांना प्रवेश सोपा. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही ज्या पन्हळीने झाडाचे लाड केले, तिनेच त्याला वाट करून दिली होती. कृषी महाविद्यालयातील एका जाणकारांनी येऊन झाड पाहिले. “अर्धे जाईल, अर्धे राहील. पाणी तोडा,” एवढेच ते म्हणाले.

उपाय केले, ते सांगतो. प्रथम पन्हळ तोडून मोरीचे पाणी केळीकडे वळवले. बुंध्याला लागलेली माती दूर करून मुळांचा माथा उघडा केला. धारदार चाकूने कुजलेली साल निरोगी पांढरी साल लागेपर्यंत खरवडली, आणि ते खरवडण जाळून टाकले. मग बोर्डो मलम लावले. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र ओतून ढवळायचे. लोखंडाचे भांडे चालत नाही. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस पुट चढले, तर चुना कमी आहे, आणखी घालावा. हे मलम त्याच दिवशी वापरावे, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत द्यावे. आळेही आम्ही बदलले. बुंध्याभोवती दीड हाताचे एक कोरडे वर्तुळ, मातीचा बांध, आणि त्याच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली, दुसरे वर्तुळ. पाणी फक्त बाहेरच्या वर्तुळात. झाडाची पाणी पिणारी बारीक मुळे तेथेच असतात. बुंध्याला पाण्याची गरज नसते. हे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर! परंतु कोणी सांगितले असते तरी आम्ही ऐकले असते, असे नाही.

झाडाची पूर्वेकडील बाजू त्या हिवाळ्यात वाळली. ती करवतीने कापली, त्या दिवशी सासूबाई ओटीवर बसून होत्या. त्यांना काय सांगावे, हे आम्हांला कळेना. संध्याकाळी आम्हीच म्हणालो, “आई, तुमचे झाड आमच्या हातून गेले.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “इथे आधी एक लिंबू होतं. माझ्या सासूबाईंनी लावलेलं. ते मी मारलं.”

हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. लग्नानंतर त्या नव्या घरात आल्या, तेव्हा त्यांना करमत नसे. माहेरी रोज सकाळी झाडांना पाणी घालण्याची सवय. म्हणून त्या येथेही रोज, पावसाळ्याखेरीज बारा महिने, लिंबाला दोन बादल्या घालीत. तांबड्या मातीत ते सोसले असते. काळ्या मातीत चार वर्षांत, १९६१ साली, ते झाड मेले. थोरल्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, की झाड जुने झाले होते. ते जुने नव्हते, हे दोघींनाही माहीत होते. त्यानंतर सत्तावीस वर्षे सासूबाईंनी या अंगणात लिंबू लावण्याचे धाडस केले नाही. आणि १९८८ साली लावले, तेव्हा गोळा टाकून पाहिल्यावाचून त्याला कधी पाणी घातले नाही. पन्हळ आम्ही केली. त्यांनी ती पाहिली होती. “मग तुम्ही बोलला का नाहीत?” असे आम्ही विचारले. “तुम्ही एवढ्या हौसेने केलीत,” त्या म्हणाल्या.

असो. पाऊस संपला, की बागेतील सर्वांत अवघड काळ येतो. नवरात्रात ऊन पडते, मेथी-कोथिंबिरीचे बी हाती असते, शेजारच्यांची पेरणी सुरू झालेली असते, आणि वाफे अजून चिकट. या वेळी घाई केली, तर बी वरच्या पापुद्र्याखाली घुसमटते. आम्ही घटस्थापनेची माती बागेतूनच घेतो. तीत निम्मे खत मिसळले तरच घटातील धान्य नीट उगवते, यावरून काय ते समजावे. साधारणतः दसऱ्याच्या पुढेमागे वाफसा येतो. मग मात्र एक दिवस वाया घालवू नये. मेथी, पालक, मुळा, गाजर थेट पेरावे. फ्लॉवर, कोबी, टोमॅटो यांची रोपे आधीच तयार ठेवलेली असावीत. मेथी महिन्याभरात ताटात येते. मटार पेरताना दोन पेरण्यांत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे, म्हणजे सगळा एकदम येत नाही. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावाव्यात. कुंपणाला आम्ही एक गराडूचा वेल सोडतो. आपल्या कोनफळाचा हा भाऊबंद पावसाच्या सुरुवातीला लावला, की थंडीत खणावयास येतो. तो तळून मसाला भुरभुरून खाण्यासाठी सराफ्यात जावे लागत नाही.

माळव्याची रात्र थंड असते, उन्हाळ्यातही. पौषात ती कधीकधी जीवघेणी होते. वारा पडलेला, आकाश निरभ्र, अशा रात्री दहिवर गोठते. येथील शेतकरी म्हणतात, “पाला पडला.” मराठी कानाला तो झाडपाला वाटतो, पण सकाळी टोमॅटो आणि पपईची रोपे उकडल्यासारखी काळी दिसली, की अर्थ कळतो. अशी रात्र संभवत असेल, तर संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी द्यावे. ओली जमीन उष्णता धरून ठेवते. लहान रोपांवर गवताची किंवा पोत्याची टोपी घालून ती सकाळी ऊन आल्यावर काढावी. ग्वाल्हेरकर वाचकांची थंडी आमच्याहून कडक. त्यांना हे आम्ही सांगणे म्हणजे काशीला गंगा नेणे होय. हिवाळी भाजीला आम्ही आठ-दहा दिवसांनी पाणी देतो, तेही गोळा टाकून पाहून.

सासूबाई २०२२ च्या माघात गेल्या. लिंबाची राहिलेली अर्धी बाजू त्या वर्षी फुलली. फळे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शानेही नव्हती, तरी देवासचे लोणचे चुकले नाही. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी येते, ती आम्ही रोज सकाळी हातानेच वेचतो. जुने झाड फार काळ राहील, असे आम्हांला वाटत नाही. म्हणून त्याच वर्षी त्याच्या पिकल्या लिंबांचे बी काढून, न वाळवता, त्याच दिवशी कुंडीत लावले. कागदी लिंबाच्या एका बीजातून पुष्कळदा दोन-तीन अंकुर येतात. त्यांतील जोमदार रोपे बहुधा थेट आईसारखी निपजतात. दुबळी काढून टाकावीत. पाच रोपे टिकली. एक वडोदऱ्याला नणंदेकडे गेले, एक देवासला, दोन गल्लीतच दिली. देताना प्रत्येकाला सांगितले, की मोरीपासून दूर लावा.

पाचवे आमच्याकडे मोठ्या कुंडीत आहे, आता कमरेइतके. त्याची जागा ठरली आहे. पश्चिमेच्या भिंतीशी, जेथे आम्ही खत आणि वाळू मिसळून हातभर उंच ओटा केला आहे, आणि ज्याच्या तिन्ही बाजूंनी चर आहे. मुहूर्त आर्द्रांच्या पहिल्या चांगल्या पावसानंतरचा धरला होता. तो पाऊस यंदा चार दिवसांपूर्वी झाला. आज सकाळी ओट्यातील मूठभर माती दाबून खाली टाकली. गोळा चपटा होऊन बसला. ह्यांनी खुरपे परत खुंटीला अडकवले आणि आम्ही चहाला आत आलो.